ब्लूजच्या ॲम्पसाठी पन्नास वॅटांचा आग्रह कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हौशी गिटारवादकांनी ॲम्प (गिटारचा आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर) कसा निवडावा, यावर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. मराठी वृत्तपत्रात या विषयाला अर्धं पान मिळालं याचा आनंद आहे. पण त्याच पानावरचा ब्लूज या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या संगीतप्रकाराबद्दलचा परिच्छेद वाचून राहवेना, म्हणून हे पत्र. ब्लूज वाजवायचा असेल तर किमान पन्नास वॅटचा, व्हॉल्व्हचाच (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांचा) आणि भरपूर गेन (आवाज मुद्दाम फाडायची सोय) असलेला ॲम्प घ्या, असा सल्ला लेखकाने दिला आहे. तिन्ही गोष्टी सुट्या ऐकायला बऱ्या वाटतात. तिन्ही पाळल्या तर पदरात पडतं ते एक जड, महाग आणि जन्मभर व्हॉल्यूम एकवर ठेवलेलं खोकं.

मी ॲम्प दुरुस्त करते आणि सवड मिळेल तशी एका ब्लूज चमूत ऱ्हिदम गिटार वाजवते. असली खोकी माझ्या टेबलावर येत असतात. उघडून पाहावं तर बिघडलेलं काही नसतं. व्हॉल्व्ह ठीक, ट्रान्सफॉर्मर ठीक, व्होल्टेज जिथल्या तिथे. तक्रार एकच, "आवाजात जान नाही." व्हॉल्यूम किती ठेवता असं विचारलं की उत्तर ठरलेलं: एक, फार तर दीड, त्याच्या वर गेलं की घरातले दारावर थापा मारतात. यात मी काय दुरुस्त करणार? तो ॲम्प ज्या सभागृहासाठी बनवला, ते सभागृह त्या माणसाकडे नाही.

लेखात वॅटबद्दल पुष्कळ आहे, पण वॅट वाढले की आवाज नेमका किती वाढतो हे कुठेच नाही. कानाला आवाज दुप्पट वाटायला हवा असेल तर ताकद दुप्पट करून भागत नाही, साधारण दहापट करावी लागते. ताकद दुप्पट केल्याने वाढतात अवघे 3 डेसिबल. दोन ॲम्प शेजारी ठेवून ऐकले तर तेवढा फरक कळतो, आज एक आणि आठवड्याने दुसरा ऐकला तर कळणारही नाही. म्हणजे 50 वॅटचा ॲम्प 5 वॅटच्या ॲम्पपेक्षा कानाला दहापट मोठा लागत नाही, दुपटीच्या आसपास लागतो. आणि 5 वॅटचा तरी लहान कुठे असतो? गिटारचा स्पीकर एका वॅटला, एक मीटर अंतरावर 97 डेसिबल देणारा आहे असं धरा. 5 वॅटला तोच स्पीकर 104 डेसिबल देईल. कामाच्या जागी कानांना किती आवाज सोसावा, याची अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेने सांगितलेली मर्यादा 85 डेसिबलला आठ तास अशी आहे, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 100 डेसिबलपाशी उरतात 15 मिनिटं. बंद खोलीत 5 वॅटचा ॲम्प पूर्ण उघडून बसणाऱ्याने कानात बोळे घालावेत.

व्हॉल्व्हचे वॅट ट्रान्झिस्टरच्या वॅटपेक्षा मोठे असतात, असंही लेखात सुचवलं आहे. वॅट हा वॅटच असतो. फरक वापरण्यात आहे. कागदावरचा आकडा आवाज जवळजवळ स्वच्छ असेपर्यंतचा असतो. ट्रान्झिस्टरचा ॲम्प त्या रेषेपाशी आला की बहुधा कर्कश होतो, म्हणून वादक तिथेच थांबतो. व्हॉल्व्हचा त्या रेषेपलीकडेही गोड वाजतो, म्हणून वादक पुढे जातो, आणि पुढे गेल्यावर ॲम्प छापील आकड्यापेक्षा खरंच जास्त ताकद बाहेर टाकत असतो.

मग मुळात व्हॉल्यूम वाढवायचाच कशाला, असं कोणी विचारेल. ब्लूजमध्ये ॲम्प हे निम्मं वाद्य असतं, म्हणून. व्हॉल्व्हचा ॲम्प आपल्या क्षमतेच्या काठावर आला की तार हलकेच छेडली तर सूर स्वच्छ निघतो, जरा जोरात मारली तर त्याच सुराला खर येते, आणखी जोर लावला तर तो गुरगुरतो. बटणाला हात नाही, पायाखाली आवाज बदलणारं पेडल नाही, सगळं उजव्या हाताच्या वजनावर. तानपुऱ्याच्या जवारीसारखं हे आहे. जवारी बंद तर तार मुकी, फार उघडी तर नुसती झणझण. धागा सरकवता सरकवता मधे कुठेतरी ती जागा सापडते, जिथे सूर आपोआप भरून येतो. ॲम्पवर ती जागा व्हॉल्यूमच्या बटणावर असते आणि प्रत्येक ॲम्पची वेगळी असते. ही जागा तुमच्या खोलीला सोसेल अशा आवाजात येते का, हे पाहून ॲम्प निवडावा, एवढंच माझं म्हणणं. बाकीचे प्रश्न त्यानंतरचे.

ही जागा कोणी प्रयोगशाळेत शोधून काढलेली नाही. ब्लूजचा गायक-गिटारवादक मडी वॉटर्स 1943 मध्ये मिसिसिपीतून शिकागोला आला. तिथल्या गुत्त्यांतल्या गोंगाटात साधी गिटार कोणाला ऐकू जाईना, तेव्हा तो विजेच्या गिटारीकडे वळला. त्या काळचे ॲम्प लहान. गर्दीच्या वर आवाज काढायचा तर बटण शेवटपर्यंत पिळण्यावाचून इलाज नव्हता, आणि पिळलं की आवाज फाटायचा. बनवणाऱ्यांच्या लेखी तो दोष होता, वाजवणाऱ्यांनी तो गाण्यात घेतला. 1951 मध्ये मेम्फिसला सॅम फिलिप्सच्या स्टुडिओत आइक टर्नरचा चमू ध्वनिमुद्रणाला पोचला, तेव्हा गिटारवादक विली किझार्टचा ॲम्प प्रवासात मार खाऊन आला होता. फिलिप्सने स्पीकरच्या फाटक्या कोनात कागद कोंबला आणि जो घोगरा आवाज निघाला तोच रेकॉर्डवर घेतला. आज कोणी असा स्पीकर माझ्याकडे आणला तर मी तो इमानेइतबारे बदलून देईन आणि संगीताचं नुकसान करीन.

पुढचा, फेंडर या अमेरिकी कंपनीचा बासमन तर नावाप्रमाणे बास गिटारसाठी काढलेला. 1950 च्या दशकाच्या अखेरीला त्याची जी आवृत्ती निघाली तिच्यात दहा इंची चार स्पीकर होते आणि ताकद 40 वॅटच्या आसपास. गिटारवाल्यांनी तो पळवला. शिकागोचा ब्लूज गिटारवादक बडी गाय याचा आवाज त्यावर घडला. लंडनमध्ये ड्रमचं दुकान चालवणारे जिम मार्शल आणि त्यांचे सहकारी यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला याच बासमनचं सर्किट जवळजवळ जसंच्या तसं उचलून आपला पहिला ॲम्प बनवला, जेटीएम 45. त्याच कुळातला, बारा इंची दोन स्पीकरचा कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) घेऊन इंग्रज गिटारवादक एरिक क्लॅप्टन 1966 मध्ये जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्स या चमूबरोबर ध्वनिमुद्रणाला बसला. बटण खाली आणायला तो तयार नव्हता, तेव्हा एवढा आवाज टेपवर कसा घ्यायचा हा तंत्रज्ञांपुढचा प्रश्न होता. हा किस्सा मोठ्या ॲम्पचे भक्त नेहमी सांगतात. त्यापुढचा सांगत नाहीत. हाच क्लॅप्टन 1970 मध्ये मायामीच्या स्टुडिओत फेंडर चॅम्प घेऊन बसला होता. चॅम्प म्हणजे 5 वॅट आणि आठ इंची एकुलता एक स्पीकर. त्या रेकॉर्डवरची गिटार कोणाला लहान वाटलेली मी तरी ऐकलेली नाही.

तेव्हा आधी खोली पाहावी. एकट्याने घरी वाजवणाऱ्याला 5 वॅटसुद्धा पुष्कळ होतात. ताकद एक वॅटच्या खाली आणायची सोय असेल तर उत्तम. दोघातिघांत, ड्रमर ब्रशने वाजवत असेल, तर 12 ते 15 वॅट पुरतात. फेंडरचा प्रिन्स्टन रिव्हर्ब 12 वॅटचा आहे, दहा इंची स्पीकरचा. त्यांचाच ब्लूज ज्युनियर 15 वॅटचा, बारा इंची, ईएल84 जातीचे दोन व्हॉल्व्ह, वजन साधारण 14 किलो. काठीने वाजवणारा ड्रमर असेल तर 20-22 वॅटकडे यावं. इथे फेंडरच्याच डीलक्स रिव्हर्बचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 1963 पासूनचा हा ॲम्प: 22 वॅट, 6व्ही6 जातीचे दोन व्हॉल्व्ह, बारा इंची एक स्पीकर, वजन 19 किलोच्या आसपास. साध्या सिंगल कॉइल पिकअपची (तारेचं कंपन टिपणाऱ्या एका गुंडाळीची) गिटार लावली तर व्हॉल्यूम चार-पाचच्या दरम्यान ती जागा येते, आणि तेवढा आवाज ड्रमबरोबर बसतो. दोन गुंडाळ्यांचा हंबकर पिकअप असेल तर थोडी आधीच येते, कारण तो सिग्नलच जास्त जोराचा पाठवतो. मोठ्या सभागृहात काय करायचं, असं मला दरवेळी विचारतात. तिथे ॲम्पसमोर माइक लागतो. सभागृह भरायचं काम ध्वनिक्षेपकाचं. ॲम्पचा आवाज वादकापर्यंत आणि माइकपर्यंत पोचला की त्याचं काम झालं.

पन्नासच्या वर कोणीच जाऊ नये, असं मात्र मी म्हणणार नाही. ब्लूज गिटारवादक अल्बर्ट कॉलिन्स 100 वॅटचा फेंडर क्वाड रिव्हर्ब वाजवत असे, बारा इंची चार स्पीकरचा. त्याला फाटका आवाज नकोच होता. हातात टेलिकास्टर गिटार, तारा वेगळ्या सुरांत लावलेल्या, गळ्यावर बराच वर कॅपो (सगळ्या तारा एकत्र दाबणारी चिमटी), आणि बोटांनी उपटलेला असा लखलखीत सूर की पुढच्या रांगेने मागे सरकावं. ज्याला तसा स्वच्छ आवाज ड्रमच्या वर हवा आहे त्याने 85 वॅटचा ट्विन रिव्हर्ब खुशाल घ्यावा. मात्र 29 किलो उचलायला बरोबर कोण येणार आहे, हे आधी विचारून ठेवावं.

आता लेखातल्या "व्हॉल्व्हचाच हवा" या दुसऱ्या आग्रहाकडे येते. माझं पोट व्हॉल्व्हच्या दुरुस्तीवर चालतं, तेव्हा मी याला विरोध करणं हे माझ्याच पायावर धोंडा पाडून घेणं आहे. तरी सांगते. ब्लूजचा मोठा गिटारवादक बी. बी. किंग याने वर्षानुवर्षं जो ॲम्प मंचावर आपल्या मागे ठेवला तो लॅब सिरीज एल5. 100 वॅट, बारा इंची दोन स्पीकर, आणि आत एकही व्हॉल्व्ह नाही. अल्बर्ट किंगही ॲकॉस्टिक नावाच्या कंपनीचे ट्रान्झिस्टर ॲम्प वापरत असे. या दोघांचा आवाज ब्लूजचा नाही असं म्हणणारा माणूस मला भेटायचा आहे. दोघांची वाजवण्याची रीत पाहिली तर कारण कळतं. त्यांचा सूर डाव्या हातात घडतो. तार किती ओढली, सुरावर पोचल्यावर बोट कसं हललं, मधे किती थांबले. ॲम्पने त्यात ढवळाढवळ न करता सूर भरदारपणे पुढे न्यावा, एवढीच त्यांची अपेक्षा. तुमचं वाजवणं त्या वळणाचं असेल तर चांगला ट्रान्झिस्टर ॲम्प तुम्हाला व्हॉल्व्हइतकाच साथ देईल, आणि दर काही वर्षांनी माझ्याकडे यावं लागणार नाही.

व्हॉल्व्हची गोम वेगळी आहे, आणि ती लेखात यायला हवी होती. जुन्या ॲम्पमध्ये विजेचं एसीचं डीसी करायलाही व्हॉल्व्हच असतो, त्याला रेक्टिफायर म्हणतात. तार जोरात मारली की ॲम्प एकदम जास्त करंट मागतो. रेक्टिफायर व्हॉल्व्हला तो देता देता धाप लागते, आतलं व्होल्टेज क्षणभर खाली जातं आणि मग सावरतं. कानाला काय लागतं? सुराचं तोंड किंचित दबतं आणि शेपूट फुलत येतं. वादकाच्या बोटांना वाटतं की ॲम्प आपल्याशी रेटारेटी करतो आहे. संथ ब्लूजमध्ये एकच सूर ताणून धरताना ही रेटारेटी सोन्यासारखी. चटपटीत शफल (झुलता ठेका) वाजवणाऱ्याला मात्र तीच ढिलाई वाटते. सगळे रेक्टिफायर सारखे दमत नाहीत. चॅम्पसारख्या लहान ॲम्पमध्ये 5वाय3 असतो, तो जास्त दमतो. डीलक्स रिव्हर्बमधला जीझेड34 बराच कणखर. ब्लूज ज्युनियरमध्ये तर रेक्टिफायर व्हॉल्व्हच नाही, साधे डायोड आहेत. व्हॉल्व्हचा ॲम्प म्हटलं की ही गोष्ट आपोआप मिळते, असा समज करून घेऊ नये.

डिजिटल ॲम्पबद्दल लेखकाने नाक मुरडलं आहे. फेंडरने 2019 मध्ये डीलक्स रिव्हर्बचाच टोन मास्टर नावाचा डिजिटल अवतार काढला. वजन निम्म्याच्या जवळपास, आणि मागच्या बटणाने ताकद 22 वॅटपासून 0.2 वॅटपर्यंत खाली आणता येते. डोळे मिटून ऐकताना मला तो काही सुरांवर ओळखू आला, बऱ्याच सुरांवर नाही. इमारतीत राहून रात्री वाजवणाऱ्याने व्हॉल्व्हच्या हट्टापायी व्हॉल्यूम दीडवर अडकून बसण्यापेक्षा हा मार्ग धरावा. बिघडला तर दुरुस्ती म्हणजे अख्खा बोर्ड बदलणं, ही त्याची दुसरी बाजू. पन्नास वर्षं जुना व्हॉल्व्ह ॲम्प मी डाग देण्याच्या कथिलावर आणि थोड्या कपॅसिटरवर परत उभा करू शकते.

गेनबद्दल थोडक्यात. गेनचं बटण सुरुवातीच्या लहान व्हॉल्व्हना फाडतं. ते फाटणं बारीक, सलग आणि दाबलेलं असतं; हळू वाजवलं काय नि जोरात काय, सारखंच. रॉकच्या काही वळणांना तेच हवं. ब्लूजमध्ये हळू आणि जोरात यांतला फरक गेला तर गाणंच गेलं. म्हणून भरपूर गेन असणं हा ब्लूजच्या ॲम्पचा गुण होत नाही. सोलोच्या वेळी थोडा जोर हवा असेल तर ट्यूब स्क्रीमरसारखं एखादं पेडल पुरतं. फेंडरच्या ॲम्पमध्ये मधल्या पट्टीचा आवाज मुळातच खोलगट असतो (डीलक्स रिव्हर्बवर तर मिडलचं बटणच नाही), आणि हे पेडल नेमकी तीच पट्टी उचलतं. दोघांचं जमतं ते यामुळे.

ॲम्प पारखताना लोक टोनची बटणं फिरवत बसतात, हे पाहून मला फार चुळबूळ होते. आपली गिटार आणि आपली केबल घेऊन जावं. टोनची सगळी बटणं मधोमध, रिव्हर्ब (आवाज घुमवणारं बटण) शून्यावर. रिव्हर्ब बऱ्याच पापांवर पांघरूण घालतो, त्याला शेवटी ऐकावं. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण, पिकअप गळ्याकडचा. मग ॲम्पचा व्हॉल्यूम इतका वाढवावा की जोरात मारलेली तार फाटेल आणि अंगठ्याच्या मांसल भागाने छेडलेली स्वच्छ राहील. ती जागा सापडली की पुढचं सगळं गिटारच्याच बटणावर करावं. गिटारचा व्हॉल्यूम दहावरून सहावर आणला तर आवाज स्वच्छ व्हायला हवा, पण गोधडीखाली गेल्यासारखा होता कामा नये. पुष्कळ ॲम्प इथेच नापास होतात. नंतर दुसरी तार अर्ध्या सुराने, मग पूर्ण सुराने ओढून धरावी आणि सूर कसा मरतो ते ऐकावं. काही ॲम्पवर तो शेवटच्या क्षणापर्यंत सूरच राहतो, काहींवर मधेच फुटून खरखरीत पूड होते. एवढं झाल्यावर काहीच वाजवू नये आणि नुसतं ऐकावं. ब्लूजमध्ये मोकळ्या जागा फार, त्या जागांत ॲम्प गुणगुणत बसला तर वैताग येतो. सिंगल कॉइल पिकअपची स्वतःची गुणगुण वेगळी. गिटारचा व्हॉल्यूम बंद केल्यावर जी उरते ती ॲम्पची.

हे सगळं समोर उभं राहून न करता थोडं बाजूला जाऊनही करावं. गिटारच्या स्पीकरमधून उंच स्वर टॉर्चच्या झोतासारखे सरळ रेषेत जातात. ॲम्प जमिनीवर आणि तुम्ही त्याला खेटून उभे, तर तुमच्या पोटरीला जो तीक्ष्ण आवाज लागतो तो तुमच्या कानाला लागतच नाही. तुम्ही ट्रेबल वाढवता आणि समोर बसलेला बिचारा कान धरतो. ॲम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता ठेवा.

आणि पारख आपण एरवी वाजवतो तेवढ्याच आवाजात करावी. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी 1933 मध्ये दाखवून दिलं की हळू आवाजात माणसाच्या कानाला खर्ज आणि अतितार स्वर मधल्या स्वरांच्या मानाने कमी ऐकू येतात. आवाज वाढला की ही तफावत कमी होते. घरी हळू वाजवताना बेस आणि ट्रेबल चढवून जमवलेला सुंदर आवाज मंचावर ढबढब आणि किंचाळी यांचं मिश्रण होतो, तो यामुळे. ॲम्पला बोल लावण्यात अर्थ नसतो.

स्पीकरवर लेखात एक ओळही नाही, याचं मला सगळ्यात नवल वाटलं. 97 डेसिबलचा स्पीकर काढून 100 डेसिबलचा बसवला तर ॲम्पची ताकद दुप्पट केल्याइतका फरक पडतो, एकही व्हॉल्व्ह न बदलता. उलटही खरं. ज्याचा ॲम्प घराला झेपत नाही त्याने कमी संवेदनशील स्पीकर बसवून पाहावा. आकाराचंही तसंच. दहा इंची चपळ, तोंडाशी टोकदार. बारा इंची जरा रुंद. पेटी मागून उघडी असेल तर आवाज खोलीभर पसरतो, बंद असेल तर खर्ज घट्ट होतो आणि सगळं पुढे ढकललं जातं. ब्लूजच्या जुन्या आवाजांमागे बहुतांश मागून उघड्या पेट्याच आहेत.

जुना ॲम्प घेणाऱ्यांसाठी एक-दोन गोष्टी, कारण त्या जिवाशी खेळणाऱ्या आहेत. व्हॉल्व्ह ॲम्पची वायर काढली तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये 400 व्होल्टच्या आसपासचा साठा राहू शकतो. झाकण उघडून बोट घालू नये, कितीही व्हिडिओ पाहिलेले असले तरी. स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह ॲम्प कधीही वाजवू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. स्पीकरचे ओहम ॲम्पवर लिहिलेल्या ओहमशी जुळवावेत. 120 व्होल्टच्या देशातला ॲम्प 230 व्होल्टच्या देशात आणला असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो ॲम्पच्या गरजेपेक्षा ऐसपैस असावा. बाकी तपासणी सोपी: चालू ॲम्पच्या लहान व्हॉल्व्हवर पेन्सिलीने हलकी टिचकी मारावी. स्पीकरमधून घंटेसारखा टणत्कार आला तर तो व्हॉल्व्ह बदलायला झाला, आणि तो सगळ्यात स्वस्तातला खर्च. कपॅसिटर कित्येक वर्षांत बदललेले नसतील तर ते बदलावे लागणार असं धरूनच सौदा करावा.

पन्नास वॅटचा ॲम्प आधीच घेऊन बसलेल्यांचं काय, हा प्रश्न उरतो. आउटपुटचे निम्मे व्हॉल्व्ह काढून द्या, अशी मागणी माझ्याकडे वारंवार होते. असे चार व्हॉल्व्ह असलेल्या काही ॲम्पमध्ये ते जमतं, पण ओहमचं गणित बदलतं, आणि सगळी खटपट करून आवाज उतरतो तो 3 डेसिबल. त्यापेक्षा ॲम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये अटेन्युएटर बसवावा. तो जास्तीच्या ताकदीची उष्णता करून टाकतो. ओहम जुळणारा, ॲम्पपेक्षा जास्त वॅट सोसणारा घ्यावा आणि त्याच्याभोवती हवा खेळती ठेवावी. फार खाली उतरवलं तर आवाज मिटमिटतो. त्यातला काही दोष अटेन्युएटरचा, काही वर सांगितलेल्या कानाच्या स्वभावाचा. आणि आता ॲम्प खरोखर पूर्ण जोराने काम करणार असल्यामुळे व्हॉल्व्ह लवकर झिजतील, हेही लक्षात ठेवावं.

लेखकाशी माझं वैर नाही. केबल आणि देखभालीवरचा त्यांचा मजकूर चोख आहे. पुढच्या पुरवणीत पन्नास वॅटांच्या सल्ल्याला निदान एक खुलासा जोडावा आणि जमल्यास एक अख्खा लेख स्पीकरवर द्यावा, ही विनंती. जागेअभावी हे पत्र कापावं लागलं तर इतिहास कापा, पण 400 व्होल्टचा परिच्छेद ठेवा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
ॲम्पदुरुस्ती करणारी एक वाचक